जिंकलेला डाव पुन्हा मांडताना

वाचकाचं पत्र

नमस्कार,

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. महिन्यातून एखाद्या शनिवारी अटलांटिक सिटीला जाऊन कॅसिनोत एक-तीन डॉलरच्या टेबलावर (एक आणि तीन डॉलर हे ब्लाइंड, म्हणजे पत्ते वाटण्याआधी दोघांनी सक्तीने टाकायचे पैसे) नो-लिमिट होल्डेम खेळतो, म्हणजे पोकरचा तो प्रकार ज्यात दोन पानं हातात, पाच टेबलावर उघडी, आणि बेट, म्हणजे लावलेली रक्कम, कितीही मोठी चालते. गेल्या वेळच्या एका डावावरून माझा आणि मित्राचा वाद झालाय, तो तुमच्याकडे पाठवतोय.

बटणाच्या (शेवटी बोलणाऱ्याच्या) आधीच्या जागेवर मला किलवरचा एक्का आणि किलवरची राणी आली. माझ्याआधी दोघांनी तीन-तीन डॉलर टाकून लिंप केलं होतं, म्हणजे रक्कम न वाढवता आत आले होते. मी १२ केले. बटण आणि दोन्ही ब्लाइंड फोल्ड झाले (पानं टाकून बाहेर), दोन्ही लिंपरनी कॉल केलं (तेवढेच पैसे भरले). माझ्यासमोर सुरुवातीला साधारण ४०० डॉलर होते, त्या दोघांसमोर तेवढेच किंवा जास्त. फ्लॉप (पहिली तीन उघडी पानं) आला इस्पिक राणी, इस्पिक नव्वी, चौकट चौकी. दोघांनी चेक केलं (काही न लावता पुढच्यावर सोडलं), मी १५ टाकले. पहिले लिंपर, साठीचे एक गृहस्थ, त्यांनी कॉल केलं आणि दुसरा फोल्ड झाला. टर्नला (चौथं पान) बदाम छक्की. त्यांचा चेक, माझे २५, त्यांचा कॉल. रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) किलवर दुर्री. त्यांचा चेक, माझे ४०, पुन्हा कॉल. त्यांनी राणी-गुलाम दाखवले आणि पॉट, म्हणजे मधे जमलेले सगळे पैसे, मला मिळाला. हेच गृहस्थ त्याआधी दोनदा मोठ्या बेटांना मधल्या जोडीवर (फ्लॉपच्या मधल्या पानाशी जुळलेल्या) कॉल करत रिव्हरपर्यंत गेले होते.

मित्र म्हणतो, तू जिंकूनही पैसे घालवलेस, रिव्हरला दीडशे टाकले असतेस तरी त्यांनी दिले असते. मी म्हणतो, बेटा छोट्या होत्या म्हणूनच ते टिकले. त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका डावात रिव्हरला माझ्याकडे काहीच नव्हतं, तेव्हा मी ६० च्या पॉटमध्ये १०० टाकले आणि समोरचा फोल्ड झाला. म्हणजे पानं चांगली असली तर थोडे आणि ब्लफ असला तर भरपूर, हे बरोबर ना? असे डाव घरी येऊन तपासायचे कसे? बेटचं काही ठरलेलं सूत्र असतं का? सॉल्व्हर, म्हणजे अचूक खेळी काढून देणारा प्रोग्रॅम, विकत घ्यावा का?

उत्तर

नमस्कार.

जिंकलेला डाव तपासायला घेतलात याचा मला फार आनंद झाला. लोक सहसा हरलेले डाव घेऊन येतात, त्यातही रिव्हरला समोरच्याला एकच पान हवं होतं आणि नेमकं तेच आलं, अशा जातीचे. त्यात शिकण्यासारखं फारसं नसतं. बेटचा आकार मात्र जिंकलेल्या डावांमध्येच जास्त चुकतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही, कारण चिप्स आपल्याकडे सरकलेल्या असतात.

आधी वादाबद्दल. तुम्ही आणि तुमचे मित्र दोघंही राणी-गुलामावरून भांडताय. ती दोन पानं तुम्हाला दिसली ती शेवटची बेट टाकून झाल्यावर. बेट टाकत होतात तेव्हा त्या गृहस्थांच्या हातात राजा-राणी असू शकत होते, राणी-दश्शी, चौक्यांची जोडी, हुकलेला इस्पिक फ्लश (पाच इस्पिक जमवायचा फसलेला प्रयत्न), किंवा नुसती नव्वीची जोडी. बेटचा आकार ठरतो तो या सगळ्या गर्दीकडे पाहून. म्हणून डाव तपासायला बसाल तेव्हा शेवटी उघडलेली पानं हाताने झाका. ती लिहूनही ठेवू नका, निदान पहिल्या फेरीत तरी नको. राणी-गुलामाने ४० ला कॉल केलं म्हणून ४० बरोबर ठरत नाहीत, आणि त्यांनी १५० दिले असते म्हणून १५० ही बरोबर ठरत नाहीत.

तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही: पॉट. पंधरा, पंचवीस, चाळीस हे सगळं लिहिलंत, पण कशाच्या तुलनेत ते नाही. मला वाटतं टेबलावरही तेच झालं असावं. नो-लिमिटमध्ये डीलर पॉट मोजून सांगत नाही, तो ज्याचा त्याने मनात मोजायचा. ते जमत नसेल तर हात सवयीने चिप्स उचलतो: पाच डॉलरच्या तीन लाल, मग पाच लाल, मग आठ लाल. आकडे वाढत गेले म्हणून बेट वाढतेय असं वाटतं. प्रत्यक्षात प्रवेशाचे ३६ आणि ब्लाइंडचे ४ मिळून फ्लॉपला पॉट ४० होता (कॅसिनोचा रेक, म्हणजे पॉटमधून होणारी कपात, बाजूला ठेवू). तुम्ही टाकलेत १५, म्हणजे पॉटच्या ३८ टक्के. टर्नला पॉट ७०, बेट २५, म्हणजे ३६ टक्के. रिव्हरला पॉट १२०, बेट ४०, ३३ टक्के. डॉलरमध्ये चढत गेलेली बेट पॉटच्या हिशेबात दर वेळी उतरत गेली. कागदावर असा एक स्तंभ मांडला की निम्मं काम तिथेच होतं.

फ्लॉपच्या आधीचे १२ मला कमी वाटतात. अशा टेबलावर चार ते पाच ब्लाइंड (इथे मोठा, तीन डॉलरचा) आणि शिवाय प्रत्येक लिंपरमागे एक ब्लाइंड हा रुळलेला अंदाज आहे, म्हणजे तुमच्या जागेवर १८ ते २१. हा फरक सहा डॉलरचा दिसतो, पण पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. १८ ला तेच दोघे आले असते तर फ्लॉपला पॉट ५८ झाला असता आणि मागे ३८२ उरले असते. तिथून पूर्ण स्टॅक (समोरच्या सगळ्या चिप्स) तीन बेटांत आत जायला प्रत्येक वेळी पॉटच्या सुमारे ७१ टक्के पुरतात. पॉट ४० आणि मागे ३८८ असतील तर त्यासाठी दर वेळी सुमारे ८७ टक्के लागतात. एका जोडीवर पूर्ण स्टॅक घालायलाच हवा असं मी म्हणत नाही. पण पॉट गुणाकाराने वाढतो, आणि लहान सुरुवात रिव्हरला भरून काढता येत नाही, हे या दोन आकड्यांवरून कळतं.

आता फ्लॉप. राणी-नव्वी-चौकी, त्यात दोन इस्पिक, आणि तुमच्यासमोर दोघेजण. कॉल कोण करणार? राणी असलेला करणार, नव्वी असलेला करणार, दोन इस्पिक असलेला करणार, गुलाम-दश्शी असलेला तर हमखास करणार, कारण राजा किंवा अठ्ठी आली की त्याचा स्ट्रेट (ओळीने पाच पानं) लागतो. तुमच्याहून कमी पण सोडून जायला तयार नसलेली इतकी पानं ज्या फ्लॉपवर असतात तिथे छोटी बेट म्हणजे स्वस्तात विक्री. मंडईतली भाजीवाली समोरचं गिऱ्हाईक बघून भाव सांगते, आणि आज गिऱ्हाईक घाईत आहे, घेतल्याशिवाय जाणार नाही, हे तिला दिसत असतं. तुम्हाला ते दिसलं नाही, कारण तुमचं लक्ष गिऱ्हाईक निघून तर जाणार नाही ना याकडे होतं.

भाव आकड्यांत पाहू. ४० च्या पॉटमध्ये १५ टाकलेत तर कॉल करणाऱ्याला १५ देऊन ५५ मिळवायचे असतात, म्हणजे त्याला जेमतेम २१ टक्के संधी पुरते. इस्पिकच्या ड्रॉला (चार इस्पिक जमून पाचव्याची वाट पाहणाऱ्याला) टर्नवर न दिसलेल्या ४७ मधल्या नऊ पानांपैकी एक हवं, म्हणजे १९ टक्के. पुढे फ्लश लागला तर आणखी पैसे मिळतील ही आशा धरली तर त्याच्यासाठी हा सौदा उत्तम. दुसऱ्या लिंपरला तर पहिल्याच्या कॉलमुळे आणखी स्वस्त पडलं असतं, १५ मध्ये ७०. तिघांच्या पॉटमध्ये ही गोष्ट नेहमी ध्यानात ठेवा: पहिल्याचा कॉल दुसऱ्याचा भाव पाडतो. तुम्ही ३० टाकले असते तर पहिल्याला ३० टक्के संधी लागली असती. ड्रॉवाले तरीही आले असते, कारण या टेबलांवर ड्रॉ सोडून देणारे थोडे. पण महाग घेऊन आले असते.

आणि जे गेले असते त्यांत छक्क्यांची जोडी असलेला होता. तो १५ ला कुतूहलाने थांबतो, टर्नला नेमकी छक्की पडते, आणि तुम्ही हरलेल्या पानांवर बेट टाकत राहता. ३० ला तो बहुधा निघून जातो. ‘छोट्या बेटांमुळे ते टिकले’ हे तुमचं म्हणणं खरं आहे, पण त्या बेटांनी आणखी कोण टिकलं हेही मोजायला हवं.

छोटी बेट सगळीकडे वाईट असते असं मात्र समजू नका. फ्लॉप राजा-सत्ती-दुर्री, तीन वेगळ्या रंगांचा, समोर एकच माणूस, आणि तुमच्याकडे एक्का-राजा असता तर पॉटच्या तिसऱ्या हिश्शाची बेट अगदी योग्य ठरली असती. तिथे ड्रॉ जवळजवळ नाहीत आणि समोरच्याकडे सहसा काहीच नसतं. १५ हा आकडा स्वतः चूक किंवा बरोबर नसतो, तो कुठल्या फ्लॉपवर आणि किती जणांसमोर टाकला यावर ठरतं.

टर्नच्या बेटकडे जरा नीट बघा, कारण तुमच्या डावातला सगळ्यात न दिसणारा तोटा इथे आहे. ड्रॉवाले रिव्हरला, पान लागलं नाही तर, एक डॉलरही देत नाहीत. तुम्ही दहा टाका नाहीतर शंभर, ते फोल्डच होणार. त्यांच्याकडून पैसे घ्यायची शेवटची संधी टर्न. ७० च्या पॉटमध्ये तुम्ही २५ टाकलेत. इस्पिक ड्रॉवाल्याकडे ४६ पैकी ९ पानं, साधारण १९.६ टक्के. गणित केलंत तर या कॉलमध्ये त्याचं सरासरी नुकसान दीड डॉलर. फक्त दीड. तुम्ही ५० टाकले असते आणि त्याने तसाच कॉल केला असता तर त्याचं सरासरी नुकसान साडेसोळा डॉलरच्या पुढे गेलं असतं. (रिव्हरला पुढे काय बेट लागतील ते मी यात धरलेलं नाही.) फ्लश ड्रॉवाला २५ ला येतो आणि ५० लाही येतो, हे तुम्ही त्या टेबलावर कितीदा पाहिलं असेल. मग २५ कशासाठी?

रिव्हरला आलो की मोजदाद करायची, आणि इथे मी तुम्हाला कागद-पेन घेऊन बसायला सांगेन. पत्त्यांचा जोड किती वेगवेगळ्या प्रकारे येऊ शकतो ते मोजणं अवघड नाही. चार राण्यांपैकी एक तुमच्याकडे, एक फ्लॉपवर, उरल्या दोन. राजे चारही बाहेर. म्हणून राजा-राणी आठ प्रकारे. तसेच राणी-गुलाम आठ, राणी-दश्शी आठ. एकूण चोवीस, या सगळ्यांना तुम्ही हरवता. एक्का-राणी त्यांच्याकडे असती तर ते आधीच रेज करून (रक्कम वाढवून) आले असते, ती सोडून द्या. आता तुम्हाला हरवणारी पानं: नव्व्यांची जोडी तीन प्रकारे, चौक्यांची तीन, छक्क्यांची तीन, आणि एकाच रंगाची राणी-नव्वी दोन. झाली अकरा. पण इस्पिकच्या अशा फ्लॉपवर तीन नव्व्या किंवा दोन जोड्या घेऊन दोन बेटांना गप्प कॉल करत बसणारे कमीच असतात, बहुतेकजण टर्नपर्यंत रेज करतात. म्हणून अकराऐवजी मी चार धरतो. हा माझा अंदाज आहे. तुमचा वेगळा असेल तर तो धरा, पण आकडा लिहा.

आता प्रत्येक बेटला कोण कोण कॉल करेल ते त्याच कागदावर मांडा. ४० ला चोवीसच्या चोवीस राण्या कॉल करतील, शिवाय नव्वीची जोडी असलेले सहा धरू. तीस जणांकडून मिळतात, चौघांना जातात. फरक २६, गुणिले ४०, म्हणजे १०४०. ८० ला नव्वीवाले गेले आणि राणी-दश्शीतले अर्धे गेले असं धरलं तर वीस उरतात. फरक सोळा, गुणिले ८०, म्हणजे १२८०. म्हणजे दहाजण घालवूनही ८० पुढे. आणि हे गृहस्थ मधल्या जोडीवर मोठ्या बेटांना कॉल करतात असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा नव्वीवाल्यांना मी उगाचच बाहेर काढलं आहे. खरा फरक याहून मोठा असणार.

तुमच्या मित्राचे १५० याच कागदावर तपासता येतात. ते ८० पेक्षा सरस ठरायला कमी दर्जाच्या निदान तेरा जोडांनी १५० ला कॉल करायला हवा. राजा-राणी आठही आणि राणी-गुलामातले पाच. हे गृहस्थ तसे असतीलही. मला ते माहीत नाही, तुम्ही टेबलावर होतात. पण ‘दिले असते’, ‘नसते दिले’ या वादाऐवजी आता तुमच्यापुढे एक नेमका प्रश्न आहे: तेरा होतात की नाही?

समोर वेगळा माणूस असता तर उत्तर उलटं आलं असतं, हेही करून बघा. समजा तिथे एक सावध बाई बसल्या आहेत, तासाभरात त्यांनी तीनच डाव खेळले आहेत. ८० ला त्या फक्त राजा-राणीवर कॉल करतील, बाकी सगळं टाकतील. फरक चार, गुणिले ८०, ३२०. ४० ला राजा-राणी, राणी-गुलाम आणि अर्ध्या राणी-दश्शीवर कॉल करतील. फरक सोळा, गुणिले ४०, ६४०. त्यांच्यासमोर तुमचे ४० बरोबर होते. त्याच टेबलावर, त्याच पानांवर.

पूर्ण डाव पुन्हा खेळून पाहू. प्रवेशाचे १२ तसेच ठेवू. फ्लॉपला ३०, पॉट १००. टर्नला ६५, पॉट २३०. रिव्हरला निम्मा पॉट, ११५. एकूण २१०, तुमच्या ८० च्या जागी. प्रत्येक राणी या तिन्ही बेटा देईल असं नाही, काही राणी-दश्शी टर्नला निघून जातील. पण मधल्या जोडीवर रिव्हर गाठणाऱ्या माणसासमोर मी याच वाटेने गेलो असतो.

आता तुमचा ब्लफ. ६० च्या पॉटमध्ये १०० टाकले की समोरचा दर शंभर वेळांत बासष्ट-त्रेसष्ट वेळा फोल्ड व्हायला हवा, तेव्हा कुठे तुमचं नुकसान टळतं. हिशेब सोपा आहे: बेट भागिले बेट अधिक पॉट. ६० टाकले तर निम्म्या वेळा फोल्ड पुरतो, ४० टाकले तर चाळीस टक्के. तो फोल्ड झाला म्हणून १०० बरोबर ठरले, असं तुम्हाला वाटतंय, आणि तुमचे मित्र रिव्हरच्या १५० बद्दल ज्या चुकीने बोलत होते तीच चूक इथे होतेय. विचारायचं असं: मला त्याची कोणती पानं फोल्ड करवायची आहेत? हुकलेला ड्रॉ पण माझ्याहून एखादं पान वरचढ, असं काही असेल तर ४० नेही काम झालं असतं आणि साठ डॉलरचा धोका टळला असता. त्याच्याकडे एक जोडी असून ती त्याला सोडायला लावायची असेल, तर मोठी बेट लागू शकते, आणि मग तो जोडी सोडणारा माणूस आहे का हे आधी पाहायचं. पत्रातल्या गृहस्थांसारख्या माणसावर हा ब्लफ कुठल्याच आकाराने करू नका.

‘चांगल्या पानांवर थोडे, ब्लफला भरपूर’ ही सवय मात्र आजच सोडा. त्यात दोन्हीकडून तोटा आहे. चांगल्या पानांवर कमी मिळतं, ब्लफ पकडला गेला तर जास्त जातं. शिवाय अटलांटिक सिटीत त्याच टेबलांवर आठवडाभर बसणारे लोक असतात, ते हे दोन शनिवारांत ओळखतात. ताळेबंद ठेवायचा असेल तर असा ठेवा: वहीत एका बाजूला बेट पॉटच्या किती टक्के होती ते, दुसऱ्या बाजूला पानं कशी होती ते. वीस-पंचवीस डाव झाले की पानावरून नजर फिरवा. मोठ्या टक्क्यांसमोर सगळे ब्लफ आणि छोट्यांसमोर सगळ्या मोठ्या जोड्या दिसल्या, तर ते समोरच्यालाही दिसतंय असं धरून चाला.

ठरलेल्या सूत्राबद्दल विचारलंत. टेबलावर हात अडला की दोन-तृतीयांश पॉट ही बेट फार क्वचित मोठी चूक ठरते, तेवढं लक्षात ठेवा. याहून पक्कं सूत्र मी देणार नाही, कारण वरच्या कागदावर एका माणसाच्या जागी दुसरा बसवला आणि उत्तर अर्ध्यावर आलं, हे तुम्ही आत्ताच पाहिलंत.

सॉल्व्हरचं असं आहे. त्याचं महत्त्व मी कमी लेखत नाही. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या रिव्हर्स कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या प्रोग्रॅमने चार व्यावसायिक खेळाडूंना वीस दिवस आणि १ लाख २० हजार डाव खेळून हरवलं. तो प्रोग्रॅम नोम ब्राउन आणि तुओमास सँडहोम यांनी केला होता. त्या सामन्यात बेटचा आकार हाच एक मोठा लढा होता. खेळाडू मुद्दाम विचित्र आकाराच्या बेटा टाकून प्रोग्रॅमची उणीव शोधत, आणि रात्रभर महासंगणक त्याच आकारांची उत्तरं काढून ठेवी, सकाळी ती फट बुजलेली असे. उलट लिब्रेटस पॉटच्या कितीतरी पट मोठ्या बेटा टाकायचा, तशा बेटांची माणसांना सवय नव्हती. पॉटएवढी बेट म्हणजे कमाल, ही जुन्या खेळाडूंची समजूत त्यानंतर फार कमी झाली, आणि मला ती घटना आजही थक्क करते.

पण तुमच्या डावाला सॉल्व्हर लावलात तर अडचण येईल. पायोसॉल्व्हरसारखे नेहमीचे सॉल्व्हर फ्लॉपनंतर दोनच खेळाडू धरतात, तुमच्या फ्लॉपला तिघे होते. त्यात तुम्हाला साठीच्या लिंपरची रेंज (त्यांच्याकडे असू शकतील अशी सगळी पानं) स्वतः भरावी लागेल, आणि ती चुकली की पुढची सगळी उत्तरं चुकतील. शिवाय सॉल्व्हरचा प्रतिस्पर्धी तुमच्या प्रत्येक बेटला अचूक उत्तर देतो. मधल्या जोडीवर दोनदा रिव्हर गाठणारा माणूस तसा नाही, आणि तुमचा फायदा तर त्याच फरकात आहे. सध्या इक्विलॅबसारखं फुकट साधन घ्या, त्यात तुमची पानं आणि त्यांची अंदाजे रेंज टाका आणि टक्केवारी पाहण्याची नजर तयार करा. विकत घ्यायचा विचार वर्षभराने करा.

डाव लिहायचा कधी? डाव संपल्यावर लगेच, पुढचे पत्ते वाटायच्या आधी, फोनवर चार ओळींत: जागा, स्टॅक, प्रत्येक पायरीला पॉट, आणि त्या माणसाबद्दल एक वाक्य. पत्ते हातात असताना फोन नको, टेबलावर चालतही नाही. तुम्ही न्यू जर्सीत आहात, तिथे नोव्हेंबर २०१३ पासून परवाना असलेलं ऑनलाइन पोकर कायदेशीर आहे. अगदी कमी रकमेच्या टेबलावर थोडं खेळलात तर प्रत्येक डावाची नोंद आपोआप मिळते आणि पॉट मोजायची सवयही लागते. भारतातल्या वाचकांनी मात्र हा सल्ला आपल्यासाठी समजू नये: ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे, खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा.

आणखी एक विचारतो, रागावू नका. ‘ते निघून जातील’ ही भीती फक्त पानांबद्दलची आहे, की ते ४०० डॉलर घरातल्या दुसऱ्या कशासाठी लागणार होते? दुसरं असेल तर कमी स्टॅक घेऊन बसा किंवा त्या महिन्याला जाऊ नका. गमावायला जड असलेल्या पैशांवर बसलं की फ्लॉपला ३० टाकायला हात धजत नाही, मग कितीही गणित येत असलं तरी उपयोग नाही.

ब्लफचा तो डाव पूर्ण पाठवा. फ्लॉप आणि टर्नची पानं पत्रात नाहीत, आणि ६० चा पॉट कसा झाला हेही नाही. समोरच्याने टर्नला चेक केलं होतं की कॉल, ते आठवून लिहा, आणि त्याने शेवटी फोल्ड करायला किती वेळ घेतला हे आठवत असेल तर तेही. त्याची पानं कोणी पाहिली असतील तर मला सांगू नका.